डावी ट्यूब, उजवा हात

बायको जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं सांगणार आहे. माझ्या बायकोनं एका शिकलेल्या बाईचं वहीचं पान नासवलं, एका मोठ्या डॉक्टरला पंधरा मिनिटं वेड्यात काढलं, आणि मी शेजारच्या स्टुलावर मुंडी खाली घालून बसलेलो.

माझं शिक्षण सातवी. तीही दोनदा. साताऱ्याकडून डोंबिवलीला आलो तेव्हा चुलत्यानं मलमाच्या कारखान्यात चिकटवलं. औषधाचा कारखाना म्हटलं की लोकांना पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. आमच्याकडं वाफेवर तापणारं माणूसभर उंचीचं स्टीलचं भांडं, त्यात फिरणारी ढवळणी आणि मी. खरजेचं मलम, गजकर्णाचं मलम, टाचांच्या भेगांचं मलम. आणि एक पिवळं मलम, सोरायसिसचं. ते फार वाईट. हवा लागली की त्याचा रंग तपकिरी-जांभळा होतो आणि कातडी, चादर, लादी, जिथं लागेल तिथं डाग पडतो. तो निघत नाही. माझी नखं वीस वर्षं त्याच रंगाची होती. कुठं जेवायला बसलो की लोक विचारायचे, जांभळं खाल्लीत का? मी हो म्हणायचो. समजावत कोण बसणार?

आणि सोरायसिस झाला तो माझ्याच बायकोला. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा. दोन्ही हातांवर, बोटांच्या मागच्या बाजूपासून कोपरापर्यंत लाल चट्टे आणि त्यांवर रुपेरी खवले. सकाळी अंथरूण झटकलं की पसाभर निघायचे. मी म्हणायचो, "कोळणींच्या रांगेत बसलीस तर कोणी ओळखणार नाही." असलं घाण बोलायचो मी. ती म्हणायची, "आधी तुमची नखं धुवा, मग बोला."

मी कारखान्यातून तेच पिवळं मलम आणून दिलं. तिसऱ्या दिवशी हात भाजल्यासारखे लाल आणि दोन्ही चादरी जांभळ्या. त्या चादरी गॅलरीत वाळत घातल्या तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईनं विचारलं, घरात कोणाला मारलंबिरलं की काय? हिनं ट्यूब माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी ढवळलेलं मलम! कारखान्यात मी हे कुणाला सांगितलं नाही.

रोग लागणीचा नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पण ते दाराला चिकटवायचं का? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका हिच्या हातातला करंडा बघायच्या आणि म्हणायच्या, "राहू द्या हो, माझं मी लावून घेते." एक म्हणाली की मागच्या सगळ्या तेच. ही हसून करंडा पुढं धरायची. पुढं पुढं लांब बाह्यांचे ब्लाउज शिवायला लागली, मे महिन्यातसुद्धा.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, लग्न वैशाखात, हॉल कल्याणला. कल्याणला माझी बहीण राहते. ती चहाला आली आणि म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागावू नकोस." बहिणीचं असं आहे की हे वाक्य ती रागावण्यासारखंच बोलायचं असलं की वापरते.

"चुड्याच्या वेळी तू कासारापुढं बसू नकोस. मुलाकडच्या बायका असणार. हात बघतील. म्हणतील, आईला आहे ते उद्या मुलीला होईल. तुझ्या बांगड्या मी आदल्या दिवशी कागदात गुंडाळून आणते. तू आतल्या खोलीत घाल."

"वन्सं, मुलीला हिरवा चुडा भरताना आई आतल्या खोलीत?"

"तुझ्या भल्याचं सांगते गं. सोयरीक मोडली मग?"

ही उठली. कपबशा उचलून मोरीत ठेवल्या. बहीण गेल्यावर मला म्हणाली, "इतकी वर्षं एवढाली भांडी ढवळताय. त्यातल्या एकात तरी औषध आहे का?"

एरवी नसेल. पण त्या वर्षी होतं. खरंच होतं.

दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या एका कॉलेजातल्या मॅडम आमच्या कारखान्यात यायला लागलेल्या. वय कमी, चष्मा जाड. मालकांनी त्यांना मागची खोली दिली आणि मदतीला मला दिलं. आता टीव्हीवर कुठल्याही गोष्टीला नॅनो नॅनो म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्या डोंबिवलीत पोचलेला नव्हता. मॅडम म्हणायच्या बुडबुडे. तेच पिवळं औषध बारीक बारीक बुडबुड्यांत भरायचं.

आता मलमवाल्याला बुडबुडा म्हणजे वैरी. ट्यूबेत हवा राहिली की माल परत येतो. मी आयुष्यभर बुडबुडे मोडायचा पगार घेतलेला. पहिल्याच दिवशी मॅडम जेवायला गेल्या तेव्हा मी त्यांचं सगळं जेल उजेडात धरून तपासलं, भांडं ठोकून ठोकून हवा काढली आणि त्या आल्यावर छाती पुढं काढून सांगितलं, "मॅडम, एकसुद्धा बुडबुडा ठेवला नाही."

त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग खुर्चीत बसून हसल्या. "काका, ते तुम्हाला दिसणार नाहीत. एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी बसतील एवढे आहेत. आणि ठोकून मोडणार नाहीत. उकडीचे मोदक खाल्लेत ना? बाहेर पारी, आत सारण. तसंच. पारी सोयाबीनच्या स्निग्धाची, आत औषध. नुसतं औषध कातडीच्या वरच राहतं, तिथं जाळतं, डाग पाडतं. पारीतलं औषध कातडीच्या थरांतून आत उतरतं आणि हळूहळू सुटतं. म्हणून कमी लागतं आणि कमी भाजतं."

"कातडीला मोदक खायला घालायचे म्हणजे," मी म्हणालो.

"तसंच लिहिते आता पेपरात," त्या म्हणाल्या.

गरम पाण्यात फिरणारा काचेचा चंबू असायचा. आतल्या बाजूला स्निग्धाची पातळ साय धरायची, मग पाणी घालायचं की ती साय सुटून तिचे बुडबुडे व्हायचे. मी ढवळायला गेलो की मॅडम ओरडायच्या, "काका, हळू! शिरा नाही करायचा." दोन महिन्यांत माझा हात बसला.

मग माणसांवर लावून बघायची वेळ आली. ठाण्याला माजिवड्याच्या पुढं एक कातडीचे डॉक्टर होते, त्यांचे पेशंट घेतले. पद्धत अशी की प्रत्येकाला दोन ट्यूबा. एकीवर चिठ्ठी 'डावा हात', दुसरीवर 'उजवा हात'. एकीत बुडबुड्यांचं जेल, दुसरीत तेच औषध बिनबुडबुड्यांचं. कोणाच्या कुठल्या हाताला काय, ते फक्त मॅडमच्या बंद पाकिटात. पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

"असं लपवायचं कशाला?" मी विचारलं.

"चांगलं औषध कुठलं ते माहीत असलं की माणसाला आधीच बरं वाटायला लागतं. डॉक्टरलासुद्धा."

मी मॅडमना हिच्याबद्दल सांगितलं. आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. मॅडमनी डॉक्टरांना विचारून हिला घेतलं. एकच अट घातली. "काका, तुम्ही ट्यूबा भरता, चिठ्ठ्या लावता. तुम्हाला अंदाज येणार. काकूंना एक शब्द सांगायचा नाही." मी गणपतीच्या फोटोवर हात ठेवून शब्द दिला.

अंदाज कसला, मला पक्कं कळायचं. बुडबुड्यांचं जेल दोन बोटांत घेतलं की सायीसारखं सरकतं, दुसरं जरा अडतं. घरी ट्यूबांचा डबा उघडल्यावर मी दोन्ही ट्यूबांतलं थेंब थेंब चोळून बघितलं. डाव्यात मोदक. उजव्यात नुसतं सारण.

"अंड्याचं नाही ना? माझा सोमवार असतो," ही म्हणाली.

"सोयाबीनचं आहे."

"आणि चांगलं कुठलं?"

"मला काय कळतंय, सातवी शिकलेल्या माणसाला."

"एरवी तर सगळंच कळतं," ती म्हणाली आणि घड्याळ समोर ठेवून बसली. लावायचं, अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. रोज. एक दिवस चुकवला नाही तिनं.

चार आठवड्यांत डावा हात बरा व्हायला लागला. खवले गेले, लाली फिकी झाली, मनगटाची खरी कातडी मला कितीतरी वर्षांनी दिसली. उजवा जिथल्या तिथं. मला वाटलं, ही खूश होईल. ही भडकली.

"देवाला एकच हात बरा करायचा होता, तर तो डावा? उजव्यानं मी कुंकू लावते, उजव्यानं ओवाळते, जावयाच्या ताटात उजव्यानं वाढणार. आणि डावा? डाव्यानं मी काय करते ते मला सांगायला लावू नका."

"बांगड्या दोन्ही हातांत भरतात," मी म्हणालो.

"कासारापुढं आधी कुठला हात करू, ते सांगा."

मी पेपर उघडला. पेपर वाचायचा नसला की मी तो उघडतो, हे तिला माहीत होतं.

दोन दिवसांनी मी पाळी संपवून जरा लवकर आलो. ही ओट्याशी उभी. उजव्या हातावर चट्ट्याचट्ट्याला जेल, आणि बाजूला ट्यूब. चिठ्ठी मीच लावलेली: 'डावा हात'.

"अगं, हे काय करतेस?"

"दिसतंय ना."

"ती डाव्याची आहे!"

"औषधाला काय कळतंय डावं-उजवं?"

"औषधाला नाही कळत, मॅडमच्या वहीला कळतं. मी शब्द दिलाय त्यांना."

"तुम्ही न सांगायचा दिलाय. तुम्ही कुठं काय सांगितलंत? मी कुठं काही दिलंय?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "लग्न झालं की मी परत बदलते. तोवर मला एवढा हात वापरू द्या."

मी तिथंच तिच्या हातातली ट्यूब काढून घ्यायला हवी होती. किंवा दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. मलाही तिला कासारापुढं बसलेली बघायची होती, हे खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

आठव्या आठवड्याला आम्ही माजिवड्याला गेलो. डॉक्टरांची पद्धत अशी की हातावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि चट्ट्याच्या कडेकडेनं पेन फिरवायचा, जिल्ह्याचा नकाशा काढतात तसा. मग मागचा नकाशा आणि आजचा शेजारी ठेवायचा. त्यांनी ठेवले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. डावा हात, जो बरा होत होता, तो पुन्हा लाल. उजवा, जो ढिम्म होता, तो साफ.

मॅडमना बोलावलं. दोघं इंग्रजीत सुरू झाले. मला अधूनमधून 'ब्लड' ऐकू यायचं. डॉक्टर हळूहळू खुलत गेले. त्यांनी एका कागदावर माणूस काढला, डाव्या हातापासून छातीपर्यंत बाण, छातीपासून उजव्या हातापर्यंत बाण. त्यांचं म्हणणं दिसत होतं की बुडबुडे डाव्या हातातून रक्तात शिरले आणि फिरून उजव्या हाताला जाऊन बरं करून आले. असं जगात कोणाला सापडलेलं नव्हतं. बाणाला त्यांनी परत एकदा गिरवलं, जाड केलं.

ही त्या चित्राकडं कौतुकानं बघत होती. मी मुंडी खाली घातली.

मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, फोडलं, कागद वाचला आणि माझ्याकडं बघितलं. "काका, चिठ्ठ्या तुम्ही लावलेल्या ना?"

"हो."

"नीट लावल्या होत्या? अधेमधे उलट्यासुलट्या नाही ना झाल्या? कारण ह्या चुकल्या असतील तर बाकीच्यांच्याही चुकल्या असतील. मग मला सगळ्यांची पानं फाडावी लागतील. पहिल्यापासून परत."

मी सांगायला तोंड उघडलं. सांगितलं तर हिच्या ट्यूबा जाणार, लग्नाला अजून महिना. नाही सांगितलं तर ह्या पोरवयाच्या मॅडमचं सगळं जाणार, आणि माझं नावही. तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"त्यांनी नीट लावल्या," ही म्हणाली. "हा माणूस घरातली कपबशी धड ठेवणार नाही, पण चिठ्ठी वाकडी लावणार नाही. ट्यूबा मी बदलल्या."

मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"का पण, काकू?"

"तुमच्या कागदानं चांगलं औषध डाव्या हाताला दिलं. मला उजवा पाहिजे होता. मुलीचं लग्न आहे."

"चांगलं कुठलं ते तुम्हाला कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं आणि परत माझ्याकडं बघितलं.

"हातानं सांगितलं. ह्यांना विचारून थकले, हे बोलत नाहीत. पण मला काय डोळे नाहीत?"

डॉक्टरांनी बाणवाल्या माणसाची हळूच घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर लावताना त्यांनी आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

"तुमचं पान बाद होणार, काकू. आणि ट्यूबा परत द्याव्या लागतील. नियम आहे."

"माझं करा बाद. बाकीच्यांची फाडू नका." हिनं पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. झाकण नीट लागलंय का तेही बघितलं.

आम्ही बस स्टॉपकडं निघालो. तिथं पोचल्यावर म्हणाली, "मुंडी घालून बसलेलात."

"तू बोललीस ना."

"तुम्ही नाही बोललात म्हणून मी बोलले."

आमच्या संसारात ती मला पुष्कळ बोलली. त्यातलं बरंचसं मी विसरलो. हे नाही विसरलो.

त्याच आठवड्यात शेवटचा माल भरला. चंबूच्या भिंतीला जेल राहतं, ते आम्ही गरम पाण्यानं धुवून टाकायचो. त्या दिवशी मी ते रबरी पट्टीनं खरवडलं आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणात घेऊन घरी आलो. वाटलं, तेवढंच माझ्याकडून. ही झाकणाकडं बघून म्हणाली, "मॅडमना विचारलंत?"

"टाकायचंच होतं."

"विचारलंत का?"

"नाही."

तिनं झाकण मोरीत नेऊन घासलं. "एक लबाडी माझ्या हातून झाली. घरात दुसरी नको." बुडबुड्यांच्या जेलचा डाग पडत नाही असं मॅडम सांगायच्या. कमी पडतो, एवढंच खरं. मोरीच्या लादीवर बशीएवढा जांभळट डाग पडला. ही गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, लादी बदलून घेऊया. मी तिला म्हणालो, तू तुझ्या घरची बदल.

लग्नाच्या आदल्या दिवशी कल्याणच्या हॉलवर कासार आला. उजवा हात अजून बराचसा साफ होता. डाव्यावर चट्टे आलेले, चांगले ठसठशीत. बहीण आतल्या खोलीत कागदात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन उभी. मी सतरंज्या मोजायच्या निमित्तानं दाराशी घोटाळत होतो. मुलीचा चुडा भरून झाला. कासार म्हणाला, "आता आई."

बहिणीनं आतून हिला खूण केली. हिनं बघितली. आणि पाटावर जाऊन बसली. बसली ती बसली, बाही कोपराच्या वर सारली आणि डावा हात पुढं केला. उजवा नाही. ज्या उजव्यासाठी एवढं सगळं केलं, तो मांडीवर ठेवला.

कासार म्हातारा होता. त्याचं सगळं काम बोटांनी, डोळे दुसरीकडं. नवऱ्या मुलाच्या मावशीला तो कुठल्या तरी लग्नातली गंमत सांगत होता आणि हिची बोटं दाबून हाडं चाचपत होता. हाताकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाला, "वहिनी, हात सैल सोडा. कुणाशी भांडताय का?"

पण विहीणबाईंनी बघितलं. वाकून बघितलं. "अगं बाई, हे काय?"

माझी बहीण भिंतीला टेकली.

"सोरायसिस," ही म्हणाली. "कोणाला लागत नाही. मुलीला नाही, पुढचं देव जाणे. ह्या हाताला औषध मिळालेलं, ते मी माझ्या अकलेनं घालवलं."

विहीणबाई सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या भावजींना पाठभर आहे. वीस वर्षं झाली, कोणासमोर बनियन काढत नाहीत. औषध आहे म्हणता? कुठं मिळतं?"

"अजून दुकानात आलेलं नाही. आमचे हे बनवतात."

मला वाटलं नव्हतं की 'आमचे हे बनवतात' असं ती कधी चारचौघींत म्हणेल. पण त्याचा आनंद व्हायला मला वेळ मिळाला नाही. मावशी म्हणाल्या, बोलवा त्यांना. मला बायकांच्या घोळक्यात ओढलं. एकीनं टाच पुढं केली. एकीनं पदर बाजूला करून मानेवरचं गजकर्ण दाखवलं. विहीणबाईंनी भावजींची पाठ हातवारे करून समजावली. मी टाचेच्या भेगांचं मलम सांगत होतो, तेवढ्यात कासारानं बांगडी हिच्या बोटांच्या सांध्यावर अर्धी चढवलेली तशीच सोडली आणि स्वतःचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "दादा, आधी हे बघा हो. काच लागून लागून चिरतोय, वर्षभर भरत नाही."

"आधी बांगडी पुढं ढकला," ही ओरडली, "मग अंगठा दाखवा!"

सगळ्या हसल्या. त्यानं दाबली, बांगडी सांध्यावरून सरकून मनगटावर आली. मागोमाग दुसरी, तिसरी. हिनं डोळे मिटलेले. मला वाटलं दुखतंय. मी वाकून विचारलं, "लागलं का गं?"

"गप बसा," ती म्हणाली. "अजून उजवा राहिलाय."